शहाणी की दांडगी

४ नोव्हेंबर, सोमवार

गाडीवाले काका गेले! म्हणजे रिटायर झाले, बाकी ठणठणीत आहेत. लॅबच्या मोटारीनेही त्यांच्याबरोबरच मान टाकली. डॉक्टरांनी आज आत बोलावून सांगितलं, नवी मोटार येणार नाही. घरोघरी जाऊन रक्त आणायचं ते आता विजेच्या स्कूटरवरून. तीही बसायची नव्हे — उभ्याने चालवायची! एक फळी, दोन चाकं, एक दांडा. वय वर्षं सत्तेचाळीस, आजवर साधी सायकल चालवली नाही मी.

दुकानवाला दोन तऱ्हेच्या स्कूटर आठवडा आठवडा वापरून बघायला देणार आहे. एक शहरातली. हलकी, घडी होते, बारा किलो. दुसरी खडबडीत रस्त्यांची. जाड चाकं, खाली स्प्रिंगा, सत्तावीस किलो. कुठली घ्यायची ते मी तीस तारखेपर्यंत सांगायचं. डॉक्टर म्हणाले, 'चालवणार तुम्ही, तेव्हा ठरवा तुम्हीच.' आणि लगेच स्वतःच ठरवून टाकलं, की हलकीच बरी. फक्त ती घेतली तर खाणीच्या वस्तीवरची गुरुवारची फेरी बंद. डांबर संपल्यावर पुढे दोन किलोमीटर नुसते दगड आहेत, तिथे तिचा निभाव लागायचा नाही. वस्तीवर माझे अकरा पेशंट. सगळ्यात लहान एकसष्ट वर्षांचा. त्यांनी मग उपाशीपोटी बस पकडून शहरात यायचं.

मी मान डोलावली आणि निघाले. तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय.

५ नोव्हेंबर, मंगळवार

घरी सांगितलं. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यांनी पहिलंच विचारलं, चार्जिंग कुठे करणार? खाली प्लग नाही, म्हणजे स्कूटर रोज वर आणायची. बारा किलो तू आणशील, सत्तावीस किलोचं काय? विचारताना जिन्याकडे बोटही दाखवलं, जसा काही मी जिना पाहिलेलाच नाही.

सासूबाईंचा मुद्दा निराळा. उभं राहून माणूस भांडी घासतो, भाषण करतो. गाडी चालवत नाही. शोभतं का ते?

६ नोव्हेंबर, बुधवार

हलकी आली. मागच्या अंगणात ह्यांनी शिकवलं. एक पाय फळीवर, दुसऱ्याने धक्का द्यायचा, मग अंगठ्याने खटका दाबायचा. मी आधी खटका दाबला. स्कूटर गेली, मी राहिले.

तिसऱ्या खेपेला जमलं. अगदी गुणी पोर आहे. आवाज नाही, झटका नाही, सांगितलं की थांबते. घडी करून काखेत मारली की झालं. तिचं नाव शहाणी.

७ नोव्हेंबर, गुरुवार

वस्तीवर बसनेच जा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण हौस! शहाणीलाच घेऊन गेले. डांबरावर नऊ किलोमीटर लोण्यासारखे गेले. पुढे दगड सुरू झाले आणि माझ्या दातांचा कडकडाट. निम्मी वाट चालवली, निम्मी ढकलली. वर शिट्टीवाले आजोबा उभेच होते. खाणीत सुरुंग उडायचा त्याआधी धोक्याची शिट्टी वाजवायची, हे त्यांनी तीस वर्षं केलं. खाण बंद झाली तरी शिट्टी गळ्यातच असते. मला तसं येताना पाहून त्यांनी जोरात फुंकली, तर आख्खी वस्ती दारात! वस्तीवर मला सुईताई म्हणतात. सुईताई चाकांवर आली म्हणून म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अकरा जणांचं रक्त घेतलं. उतारावर उतरून ढकलत यायला हवं होतं. उशीर झाला होता, नाही ढकलली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

भोगा आता कर्माची फळं.

नळीतलं रक्त फार हिंदकळलं की आतल्या पेशी फुटतात. वरचं पाणी पिवळसर असायला हवं ते गुलाबी होतं आणि मग मशीनचे आकडे खोटे येतात. अकरापैकी नऊ नळ्या गुलाबी! वीस वर्षं हे काम करतेय, नव्या मुलींना मीच शिकवते की नळी बाळासारखी आणायची. आणि मीच ती दगडांवरून कडकडा आणली. शिट्टीवाल्यांचं पोटॅशियम तर असं आलं, की लॅबमध्ये तपासणी करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, ह्या आकड्याचा माणूस उभा राहू शकत नाही. मी म्हटलं, काल तर शिट्टी फुंकत होते.

बसने परत गेले, खालमानेने. नऊ जणांना परत टोचलं. शिट्टीवाले म्हणाले, 'वा! गाडी आपटते तुमची आणि सुई आम्हाला.' वस्तीवरच्या दोघी म्हाताऱ्या बहिणींपैकी थोरलीचंच परत घ्यायचं होतं, धाकटीची नळी चांगली निघाली होती. पण धाकटीनेही दंड पुढे केला. म्हणे, तिचं एकटीचं घ्याल तर ती मला वर्षभर ऐकवील. घेतलं बाई.

रागावलं कोणीच नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरांनी मात्र झाडलं. बरोबरच होतं त्यांचं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

खोटं कशाला लिहू. शहरात शहाणीला तोड नाही. सकाळी साडेसहाला निघते, नऊच्या आत चौदा घरं होतात. बंगल्यात, दवाखान्यात, बँकेत कुठेही आत नेता येते, कोपऱ्यात गप उभी राहते. जिने चढताना जड वाटत नाही. आठवडाभरात शहरातली एकही नळी फुकट गेली नाही. हिला नावं ठेवायला जागा नाही.

सकाळपासून शोधतेय.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज दांडगी आली. नाव बघताक्षणीच पडलं. काळीकभिन्न, रुंद चाकं, समोर एकच मोठा दिवा. दुकानवाला म्हणाला, जपून, हिला जरा जोर आहे. जरा! खटका दाबला आणि माझी ओढणी मागच्या मागे.

वस्तीवर गेले. डांबर संपलं, दगड आले, मी डोळे मिटून घेतले (असं करू नये!) आणि काहीच झालं नाही. ती नुसती खालीवर होत चालत राहिली, पाण्यावरच्या होडीसारखी. मी डोळे उघडले. दोन्हीकडे माळ, वर आभाळ, आणि मी मधून उभी चाललेय. उभ्याने चालवताना किती लांबचं दिसतं! इतकी वर्षं हा रस्ता मी मोटारीच्या मागच्या सीटवरून पाहिला, मांडीवर पेटी, नजर पेटीवर. खाणीत एवढं निळं पाणी साठलंय हे मला माहीतच नव्हतं.

आणि येताना तो उतार! मी ओरडले. शब्द नाहीत, नुसतीच आरोळी. मग गाणं म्हटलं, तेही घसा फोडून. ऐकायला एक गाय होती, ती उठून गेली.

अकराच्या अकरा नळ्या पिवळ्याधमक. मॅडमनी उजेडात धरून दाखवल्या.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सत्तावीस किलो. तिसरा मजला. हात खांद्यातून निखळून शेजारी उभे राहिलेत.

१७ नोव्हेंबर, रविवार

काल रात्री ह्यांनी माझ्या खांद्याला तेल लावलं. आज सकाळी पाहते तर गॅलरीत कप्पी, दोर, आकडा, दोर गुंडाळायचं हँडल, आणि हे कठड्यावर वाकलेले. लिफ्टवाल्याच्या डोक्यातून दुसरं काय निघणार! आधी वाळूचं पोतं वर ओढून पाहिलं, दोनदा. मग दांडगी. खाली मी दोर बांधला, वर ह्यांनी हँडल फिरवायला सुरुवात केली, आणि सासूबाई गॅलरीतून हुकूम सोडायला लागल्या. डावीकडे! अरे डावीकडे! तुझी डावी नव्हे, माझी!

स्कूटर डुलत डुलत वर. अख्खी इमारत खिडक्यांत. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची चादर वाळत होती, ती आकड्यात अडकून सोबत वर आली. वहिनी खालून हाका मारताहेत, सासूबाई वरून सांगताहेत की चादर सुखरूप पोचली. हे घामाघूम, पण चेहरा असा, की लग्नातसुद्धा एवढा खुलला नव्हता.

आता एका हाताने हँडल फिरवलं की चार मिनिटांत स्कूटर घरात.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सासूबाई अंगणात स्कूटरच्या फळीवर उभ्या राहिल्या! खटका नाही, काही नाही, नुसत्या उभ्या. मी दांडा धरलेला. म्हणाल्या, हं, तोल बरा आहे. शोभण्याचा विषय त्यांनी परत काढलेला नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

दोन्ही स्कूटर दुकानात परत. ठरेपर्यंत आता बस आणि पाय.

दांडगी सोडून येताना मी मागे वळून पाहिलं. हे काय वय आहे का माझं?

खरं लिहायचं तर, मला कुठली हवी ते चौदा तारखेलाच ठरलंय. त्या उतारावर. सगळ्यांना मी वस्तीचं कारण सांगतेय. म्हाताऱ्यांचं कसं होईल, उपाशीपोटी बसचे धक्के, वगैरे. ते खोटं नाहीच. पण दिवसभर मला म्हातारे आठवत नाहीत, उतार आठवतो. वस्तीच्या नावाखाली मी आपलंच घोडं पुढे दामटतेय. असो. कारण खरं आहे ना? मग झालं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बसने वस्तीवर. डांबर संपतं तिथे बस सोडते, पुढे चालत. रक्त घेता घेता सगळी हकिकत सांगितली. डॉक्टरांना हलकी घ्यायचीय, ती घेतली तर माझं इथे येणं संपलं. मग शिट्टीवाल्यांनी विचारलं, आणि तुमचं काय म्हणणं, सुईताई?

इथे मी जे काही बोलले! म्हटलं, मी जडच घेणार, तुमच्यासाठी. सत्तावीस किलो आहे, मनगटं भरून येतात, हे दगड, तो उतार, पडायची भीती... पण तुम्हाला वाऱ्यावर सोडू का? एवढं करीनच मी. बोलता बोलता मनगटही चोळून दाखवलं. धाकट्या बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला अगदी थोर वाटलं.

थोर कसली! चालत खाली उतरताना लाज वाटायला लागली. पडायची भीती म्हणे. त्याच वळणावर मी आरोळी ठोकली होती.

२३ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरांनाही तेच पुराण ऐकवलं. वस्ती, म्हातारे, सेवा. ते ऐकून घेत होते. म्हणाले, वस्तीचा प्रश्न आहे म्हणता, तर मला नाही म्हणता येणार नाही. घ्या मोठी.

जिंकले! बाहेर येऊन मॅडमना मिठीच मारली. त्यांच्या हातात कुणाची तरी लघवी होती.

२४ नोव्हेंबर, रविवार

हेल्मेट आणलं. लाल.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सातला बसमधून उतरले आणि जागच्या जागी थिजले.

डांबर संपतं तिथे, झाडाखाली, ओळीने अकरा खुर्च्या. घरोघरच्या. एक डुगडुगती, एक गादीची, एक लहान मुलांच्या शाळेतली. त्यांवर माझे अकरा पेशंट. सगळ्यांच्या उजव्या बाह्या दुमडून वर. दोघी बहिणी ठेवणीतले कपडे घालून आलेल्या. समोर माझ्यासाठी एक टेबल, त्यावर धुतलेला टेबलक्लॉथ.

शिट्टीवाल्यांनी उभं राहून सांगितलं. 'तुम्ही आमच्यासाठी मनगटं मोडून घेणार, ते आम्हाला नको. दूधवाल्याचा टेम्पो रोज साडेसहाला खाली येतो आणि आठला वर जातो. आम्ही दर गुरुवारी त्यात बसून येणार. तुम्ही खुशाल ती हलकी गाडी घ्या.' काल डॉक्टरांनाही फोन करून कळवलं म्हणे. शेजारी उभ्या दूधवाल्याने मान डोलावली. थोरली बहीण म्हणाली, आम्हालाही तेवढीच हवा लागते. गेल्या तीन वर्षांत ती खाली उतरलीच नव्हती.

मी एकेकाचा दंड हातात घेतला आणि रडत रडत रक्त घेतलं. सगळ्यांना वाटलं, सुईताईला किती भरून आलंय. आलंच होतं. इतकी माया केली ह्या माणसांनी, खुर्च्या टेम्पोत घालून आणल्या! पण त्यातलं अर्धं रडू दुसरंच होतं. ते दांडगीचं होतं. हे कुणाला सांगायचं? माझ्या खोटेपणाला त्यांनी इतकं खरं उत्तर दिलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळे खूश. डॉक्टर म्हणाले, पाहा, हलकीवरच भागलं. हे म्हणाले, सुंठीवाचून खोकला गेला. मॅडम म्हणाल्या, नशीबवान आहेस. मी सगळ्यांना हो हो म्हटलं.

संध्याकाळी घरात एकटीच होते. सहज एकेक वस्तू बघत गेले. पडदे तपकिरी, कारण मळ दिसत नाही. कपाट ह्यांच्या मावशीने दिलेलं, नाही म्हणता येईना. चपला डॉक्टरांनी सांगितलेल्या, टाचेसाठी. ही नोकरी घराजवळची म्हणून. वाईट काहीच नाही हं, सगळं टिकलंय, सगळ्याचा उपयोग झालाय. पण नुसतं आवडलं म्हणून मी घरात काय आणलं ते आठवत बसले. लाल हेल्मेट सोडून आठवलं नाही.

आता कारणच उरलं नाही. वस्ती खाली येते. नळ्या डांबरावरून जाणार, त्या गुलाबी होणार नाहीत. हलकी गुणी, हलकी सोयीची. आता दांडगी मागितली तर डॉक्टर विचारणार, का? त्यावर कुठल्या तोंडाने बोलू?

३० नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरांनी फॉर्म पुढे सरकवला. कुठली गाडी, त्याखाली कारण. कारणाला पाच ओळी सोडलेल्या. मी लिहिलं, जाड चाकांची. आणि खाली दोनच शब्द लिहिले — मला आवडते.

डॉक्टरांनी वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं. म्हणाले, 'एवढंच?'

म्हटलं, एवढंच.

त्यांनी सही केली.